आखूड बंडीचा किडा

देवाने जग निर्माण केल्यावर ते माझ्या साडूंकडून तपासून घ्यायचं ठरवलं असतं, तर हे जग आजही कारखान्याच्या आवारात लाल चिठ्ठी लावून पडलेलं असतं. डोंगरांच्या उंचीत मेळ नाही, समुद्रात मीठ प्रमाणाबाहेर, उंटाची पाठ सरळ नाही, असे शेरे मारून त्यांनी सगळा माल परत पाठवला असता, आणि 'दुरुस्ती करून पुन्हा आणा' ह्या ओळीखाली देवाची सहीही घेतली असती. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका पाइपांच्या कारखान्यात तपासनीस होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते ठाण्याहून ओमानला आले आणि त्यानंतर तिथून बाहेर पडलेल्या प्रत्येक पाइपात त्यांनी एकदा तरी डोकं घातलं. कारखान्याची पद्धत अशी, की तपासलेल्या मालाला सुतळीने चिठ्ठी बांधायची. लाल म्हणजे नापास, पिवळी म्हणजे निर्णय राखून ठेवला, हिरवी म्हणजे पास. चिठ्ठीवर मालाचं वर्णन, तपासणाऱ्याची सही आणि 'दोष' नावाचा एक लांबलचक रकाना. तिन्ही रंगांचे गठ्ठे त्यांच्या शर्टाच्या खिशात असत, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. त्यातला हिरवा गठ्ठा कारखान्यात वापरत असावेत. घरात तो कोणी पाहिला नव्हता.

आम्ही तेव्हा मस्कतजवळ माबेल्याला राहत होतो आणि एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी दोन तास गाडी हाकत सोहारला त्यांच्याकडे जेवायला जात होतो. गाडी थांबली की 'या, या' म्हणायच्या आधी साडू टायरांपाशी उकिडवे बसत. एकदा परत आल्यावर पाहिलं, तर मागच्या बंपरला लाल चिठ्ठी लोंबत होती. दोष: मागचा डावा टायर आणि चालकाचा स्वभाव. दोन तास ती चिठ्ठी फडफडवत मी हमरस्त्याने आलो होतो आणि मागचे लोक हात करत होते ते ओळखीचे असतील म्हणून मीही हात करत होतो. घरातल्या ठिबकणाऱ्या नळाला लाल चिठ्ठी, शिट्टी अडकणाऱ्या कुकरला लाल चिठ्ठी, मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी भेट दिलेल्या घड्याळाला तर अध्यक्ष समोर बसलेले असताना लाल चिठ्ठी. होळीला ताईंनी केलेल्या पुरणपोळीला मात्र पिवळी मिळाली. पहिली पोळी खाऊन ते म्हणाले, "चांगली आहे. पण एका नमुन्यावरून लॉट पास करता येत नाही." असं म्हणत त्यांनी पाच खाल्ल्या आणि निर्णय राखूनच ठेवला.

ताई म्हणजे माझी मेव्हणी. ठाण्याच्या शाळेत त्या चित्रकलेच्या बाई होत्या. त्यांनी फळ्यावर काढलेला मोर पुसायला शिपाई तयार होत नसे, असं माझी बायको सांगते. नवऱ्यामागोमाग ओमानला यायचं म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि इथल्या रहिवासी कार्डावर 'गृहिणी' झाल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, पण एकदा भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "इथे मी नुसती मिसेस आहे बघा. दवाखान्यात मिसेस, बँकेत मिसेस, मंडळात मिसेस. शाळेत निदान फळ्याच्या कोपऱ्यात माझं नाव तरी असायचं." साडू तेव्हा कुकरची शिट्टी भिंगाखाली धरून बसले होते. त्यांनी ऐकलं असेल असं आम्हाला कोणाला वाटलं नाही.

तर एके दिवशी कारखान्यात वेल्डिंगचा तुकडा भिंगाखाली ठेवलेला असताना त्यावर एक किडा चढला. तांदळाच्या दाण्याहून लहान, काळा, लांबट. इतर भुंग्यांना पाठभर टणक झाकण असतं. ह्याचं झाकण अर्ध्या पाठीवरच संपलेलं, बंडी आखूड आणि खालचं अंग सगळं उघडं. साडू सहाय्यकाला म्हणाले, "हा बघा नापास माल! झाकण अपुरं!" आणि खरोखरच त्यांनी लाल चिठ्ठी फाडली. तेवढ्यात त्या किड्याने शेपूट विंचवासारखी वर केली, त्या एवढ्याशा बंडीखालून झाकणाच्या कितीतरी पट लांब पंख उलगडले, खिडकीपर्यंत उडाला, बसला, आणि शेपटीने ढोसून ढोसून ते सगळे पंख पुन्हा घड्या घालून आत सारले. ही हकीकत सांगताना माझ्या साडूंचा आवाज बदलत असे. "साडूभाऊ, नऊवारी साडी काडेपेटीत बसवल्यासारखं काम! आणि मी त्याला नापास करायला निघालो होतो. आयुष्यात माझी एकच चिठ्ठी चुकली, ती ही." त्या दिवसापासून हा माणूस आखूड बंडीच्या किड्यांचा झाला.

कारखान्याच्या भंगारात निघालेला एक मायक्रोस्कोप त्यांनी दुरुस्त करून घरी आणला. पेन्सिलींच्या टोकांना शिवणाच्या सुया खोचून हत्यारं बनवली. युरोपातल्या एका संग्रहालयात ह्या किड्यांचे एक वयोवृद्ध तज्ज्ञ होते, त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. किडे सापडतात कुठे, तर शेणात आणि कुजक्या पाल्यात. सोहारला समुद्राकाठी खजुराच्या बागा आहेत आणि त्यातली एक कारखान्याच्या ओमानी मॅनेजरांची होती. सगळे त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. त्यांचं घराणं मूळचं ओमानचंच, पण आजोबा झांझिबारला जाऊन स्थायिक झालेले. अर्बाबांचा जन्म तिकडचा, घरात स्वाहिली बोलणारे आणि हिंदी आम्हा लोकांकडून शिकलेले. शुक्रवारी सकाळी माझे साडू त्यांच्या बागेत कुजक्या खजुरांच्या ढिगात बसून ताईंच्या पुरणाच्या चाळणीने ढीग चाळत आणि मी खाली पांढरी चादर धरून उभा. अर्बाब पायरीवरून बघत. "इसको बोलो," ते मला म्हणत, "खजूर ऊपर झाड में है. नीचे नहीं." पुरणाची चाळणी परत घरात आली नाही, हे ताईंचं मोठेपण. चाळणी गेली पण किडे मात्र घरात आले. आइस्क्रीमच्या डब्यांतून ते बर्फाच्या कप्प्यात विसावले. माझ्या मुलीने एकदा डबा उघडून विचारलं, "मावशी, हे आइस्क्रीम डेड आहे का?"

तीन वर्षांत साडूंकडे एकाच जातीच्या सात माद्या जमल्या. कुठल्याही पुस्तकातल्या वर्णनाशी त्या जुळेनात. तज्ज्ञांनी कळवलं, की जात नवी असू शकेल, पण नर हवा. आता हे जरा जपून सांगायला हवं. ह्या किड्यांमध्ये तोंडावरून ओळख पटत नाही. शेकडो जाती बाहेरून सारख्या. नराच्या पोटातला एक खाजगी अवयव सुईने अलगद बाहेर काढायचा आणि त्याचा आकार बघायचा. कुलूप सारखं दिसलं तरी किल्ली वेगळी, तसा प्रत्येक जातीत तो निराळा. हे सगळं साडूंनी मला जेवणाच्या ताटावर, पापड मोडून आकृती करत, समजावून सांगितलं होतं. नर मात्र सापडत नव्हता. दोन वर्षं त्यांनी बाग उपसली. अर्बाबांनी एक बकरी केवळ लेंड्यांसाठी म्हणून राखून ठेवली. नर नाहीच.

तो सापडला ताईंना, मेथी निवडताना. सोहारच्या बाजारातली जुडी, दुपारची वेळ. वर्तमानपत्रावर एक काळा किडा सरकला. सात वर्षं वर्गातल्या मुलांची चित्रं तपासलेली ती नजर. ताईंनी त्याच्यावर वाटी पालथी घातली आणि कारखान्यात फोन लावला. "अहो, तुमच्यासारखाच एक आलाय," त्या म्हणाल्या. "पण ह्याच्या शेपटीच्या टोकाला खाच आहे. त्या सात जणींना नव्हती." भर पाळीत, सहीची कागदपत्रं तशीच टाकून, माझे साडू आयुष्यात पहिल्यांदा कारखान्यातून पळाले. घरी येऊन त्यांनी वाटी उचलली आणि भिंग डोळ्याला लावलं. संध्याकाळी नखाएवढ्या कागदावर त्यांनी त्या नराचं लेबल लिहिलं: सोहार, बाजारच्या मेथीतून, आणि पकडणाराच्या जागी ताईंचं नाव. मी म्हटलं, "एवढी पाच वर्षं शेणात तुम्ही बसलात. लिहा की स्वतःचं." ते माझ्याकडे टायरकडे बघावं तसं बघत म्हणाले, "खोटं लेबल म्हणजे खोटं सर्टिफिकेट, साडूभाऊ."

चित्रंही मग ताईंनीच काढली. मायक्रोस्कोपला डोळा लावून, ट्रेसिंग पेपरवर बारीक शाईच्या पेनाने, त्या अवयवाच्या तीन बाजू. खालून गोल, मध्ये चिंचोळा आणि टोकाशी एक डौलदार वळण. बारा वर्षांनी पुन्हा हातात पेन धरलं होतं. त्या दिवसांत त्यांचं स्वयंपाकातलं लक्ष उडालं होतं आणि आम्हाला त्याचा आनंदच होता. चित्रं वाळायला म्हणून जेवणाच्या टेबलावर पसरलेली असताना मंडळाच्या सांस्कृतिक विभागाच्या वहिनी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. "अगं बाई, काय सुरेख कोयरी आहे!" म्हणत त्यांनी पाकिटाच्या पाठीवर नक्षी उतरवून घेतली. ताई तेव्हा चहा करत होत्या. पुढे दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो, तर सभागृहाच्या दारातच सहा फुटी रांगोळी. अबोली रंगात, कडेने पणत्या लावलेला, त्या किड्याचा तो अवयव! सभोवती लहान लहान आठ. ताईंनी पदर तोंडात कोंबला आणि माझ्या बायकोचा हात एवढा दाबला की बांगडी वाढवली. मी साडूंकडे पाहिलं. ते रांगोळीपाशी उकिडवे बसले होते. वहिनी कौतुकाच्या आशेने जवळ आल्या. साडू उठले, गुडघे झटकले आणि गंभीरपणे म्हणाले, "मेहनत चांगली आहे. टोकाचं वळण मात्र डावीकडे हवं." त्या रांगोळीला पहिलं बक्षीस मिळालं. कोणाला काहीही सांगितलं नाही, ही आमच्या कुटुंबाने मराठी मंडळाची केलेली सर्वांत मोठी सेवा.

चित्रं आणि नर युरोपात गेले. दोन महिन्यांनी तज्ज्ञांचं पत्र आलं: जात नवी दिसते, माझ्या नियतकालिकात छापू, नाव तुम्ही सुचवा. तो शुक्रवार होता आणि आम्ही पानावर बसलो होतो. साडूंनी पत्र दोनदा वाचलं आणि आमटी वाढणाऱ्या ताईंकडे बघून म्हणाले, "हिचं नाव द्यायचं. लॅटिनमध्ये, कायमचं. शंभर वर्षांनी कोणी हा किडा पकडला तरी त्याला हिचंच नाव घ्यावं लागेल." म्हणजे ते कुकरच्या शिट्टीच्या वेळचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं तर! ताई म्हणाल्या, "किड्याला माझं नाव? पायाखाली आला म्हणजे?" पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी ठाण्याला आईला फोन केला, शाळेतल्या मैत्रिणींना पत्रं टाकली आणि छापून आल्यावर लावायला म्हणून बाजारातून एक चौकट आणून ठेवली.

दुसरा कोणी असता तर पेढे वाटून मोकळा झाला असता. माझ्या साडूंनी किड्यांच्या पेटीला पिवळी चिठ्ठी लावली. त्यांनी तज्ज्ञांना विचारलं: आफ्रिकेतल्या जाती बघितल्या का? तज्ज्ञांनी उलट कळवलं, गरज नाही, त्या इकडे येत नाहीत. साडूंनी पुन्हा विचारलं. सर्टिफिकेट न बघता माल पास करायची त्यांना सवय नव्हती. शेवटी कंटाळून तज्ज्ञांनी एका जुन्या वर्णनाची झेरॉक्स धाडली. फार वर्षांपूर्वी झांझिबारला सापडलेली एकच मादी, वर्णन चार ओळींचं, चित्र नाही, नर कोणी पाहिलेला नाही. साडूंनी त्या चार ओळी आठवडाभर घासल्या आणि विनंती केली, की आमच्यातली एक मादी त्या जुन्या मादीच्या शेजारी ठेवून बघा. मी माबेल्याहून फोनवर त्यांच्याशी भांडलो. स्पष्टच म्हणालो, "अहो, तो एवढा मोठा माणूस म्हणतोय नवी आहे. ताईंनी चौकट आणलीय. कोण बघायला जातंय झांझिबारच्या त्या म्हातारीकडे?"

"मी गेलोय ना," साडू म्हणाले. त्यांनी फोन ठेवून दिला.

उत्तर आलं, सोबत धाडलेले किडेही परत आले. दोघी एकच होत्या. जात नवी नव्हती, आफ्रिकेतली होती, तिचं नाव केव्हाच ठेवून झालं होतं. पुढच्या शुक्रवारी आम्ही गेलो, तेव्हा किड्यांच्या पेटीला लाल चिठ्ठी बांधलेली होती. दोष: नवीन नाही. इतक्या वर्षांत मी त्यांच्या शेकडो लाल चिठ्ठ्या पाहिल्या असतील, पण खाली सही नसलेली ही पहिलीच. साडू खुर्चीत नुसते बसले होते. ताई मेथी निवडत होत्या. "मी चुकलो असतो तर बरं झालं असतं," ते ताईंना म्हणाले. ताईंनी मान वर केली नाही. "तुम्ही चुकला असतात आणि माझं नाव लागलं असतं, तर मला ते घ्यावंसं वाटलं नसतं," त्या म्हणाल्या. "आता हातपाय धुवा. जेवायचंय." पण ती चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती, आणि ती तशी कोणी ठेवली हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

जेवणानंतर अर्बाब आले. बागेत यंदा चाळणी का आली नाही, ही चौकशी करायला. मी त्यांना सगळं सांगितलं. ते पेटीवर वाकले, त्यांनी आठही किडे नीट पाहिले आणि पोट धरून हसायला लागले. "झांझिबारी!" ते म्हणाले. "क्या मुश्किल है? मेरा माँ भी झांझिबारी. मैं भी. जहाज में आया, इधर खजूर खाया, अभी सोहार का आदमी. खलास!" मग साडूंच्या खांद्यावर हात ठेवून, अरबीत साहेब अशी हाक मारत म्हणाले, "मुदीर, मेरा आदमी का मिसेस तुम्हारे मिसेस ने पहले देखा. वो लिखो. यल्ला." त्यांना म्हणायचं होतं, की त्या जातीचा नर जगात पहिल्यांदा ताईंनी पाहिला, तेवढं लिहा आणि चला, कामाला लागा. मधला एक मिसेस जास्तीचा झाला, पण साडूंना अचूक कळलं. ते उठले, त्यांनी हात धुतले आणि मायक्रोस्कोप पुढे ओढला.

पुढचं दीड वर्ष त्यांनी ते लिहिलं. नवी जात नाही. एका जुन्या, अर्धवट नोंदलेल्या आफ्रिकी जातीचं पहिलं पुरतं वर्णन, नरासकट, आणि ती अरबस्तानातही राहते ह्याचा पहिला पुरावा. तज्ज्ञांनी पत्रात लिहिलं होतं, की नवं नाव देणारे रोज भेटतात, स्वतःचं नवं नाव खोडणारा चाळीस वर्षांत पहिलाच भेटला. ते पत्र मी माझ्या ऑफिसात पाच जणांना वाचून दाखवलं. त्यातल्या तिघांना किड्यांत काडीचा रस नव्हता, पण साडू माझे होते.

छापील प्रती आल्या त्या शुक्रवारी आम्ही मुद्दाम लवकर गेलो. साडूंनी एक प्रत ताईंच्या समोर ठेवली. पानात सुतळी होती, तिथे उघडलं. सहा आकृत्या, टोकाचं वळण डावीकडे, आणि खाली: रेखाटने शैलजा, पुढे आडनाव. शेजारच्या पानावर: एक नर, सोहार, मेथीच्या जुडीतून, संग्राहक शैलजा. कुठेही मिसेस नाही. ते नाव मीसुद्धा कित्येक वर्षांत कोणी उच्चारलेलं ऐकलं नव्हतं. आणि त्या सुतळीच्या टोकाला हिरवी चिठ्ठी होती. दोषांच्या रकान्यात त्यांनी 'निरंक' लिहून खाली सही केली होती.

ताईंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "लग्नाला बावीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आत्ता पास झाले होय मी?"

"एका नमुन्यावरून लॉट पास करता येत नाही," साडू म्हणाले. पण बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते, आणि बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

आता ती दोघं ठाण्याला परतली आहेत. साडूंची नजर अधू झाली. मोठी अक्षरंसुद्धा दिसत नाहीत, किडे तर लांबच. मागच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा अर्बाबांच्या बागेतून एक आखूड बंडीवाला डबीत घालून नेला होता. चौकट दिवाणखान्यात लावलेली होती, हिरव्या चिठ्ठीसकट. साडूंनी डबी हातात घेतली, सवयीने डोळ्यांजवळ नेली, आणि मग न बघताच ताईंकडे दिली. ताईंनी चष्मा लावून ती उजेडात धरली. "तोच आहे," त्या म्हणाल्या. "नर. झांझिबारी."

मी साडूंकडे पाहिलं. आता ते भिंग मागतील, खाच विचारतील, पिवळी चिठ्ठी काढतील. त्यांनी नुसती मान डोलावली आणि खिसा चाचपून मला म्हणाले, "लेबल तुम्ही लिहा, साडूभाऊ. ही सांगेल तसं."